दोन स्टारला उत्तर: दाराचे फोड आमच्या माथी, फ्लोअरचं बिल नाही

नमस्कार साहेब. तुमचा रिव्ह्यू काल पोराने दाखवला. तक्रारी तीन: तुमच्या जुन्या प्रीमियर पद्मिनी गाडीच्या गंजाच्या कामाला तीन महिने सांगून सात लावले, बिल वाढवलं, आणि एका पावसातच डाव्या दाराखाली रंगाला फोड आले.

फोडांचं आधी बोलतो, कारण ती चूक आमची. पद्मिनीच्या दाराचा बाहेरचा पत्रा खाली आतल्या चौकटीवर दुमडलेला असतो. काचेवरून उतरलेलं पाणी दारात जातं आणि तळाच्या भोकांतून बाहेर पडतं. भोकं मातीने बुजली की ते दुमडीतच मुरतं. आम्ही बाहेरून घासलं, एपॉक्सी प्रायमर मारला, रंग दिला. दुमड उघडून बघितली नाही. गंज लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे रंग आतून उचलला. गाडी आणा. कुजलेला भाग कापून नवा पत्रा जोडतो, आतून मेण मारतो. एक रुपया घेणार नाही.

बिलाचं मात्र पटत नाही. फ्लोअर उघडल्यावरच खरा आकडा कळेल, हे एस्टिमेट देतानाच म्हटलं होतं. गाडी दोन महिने शेडमध्ये कोरडी उभी, तरी रबरी मॅट काढली तर खालचं अस्तर हाताला ओलं लागलं. दाराखालच्या चॅनलला, म्हणजे पत्र्याच्या पोकळ पट्टीला, चुंबक लावला, तो घसरून खाली पडला; म्हणजे रंगाखाली पत्राच नाही. स्क्रूड्रायव्हरने टोचलं तर लांबीची, म्हणजे खड्डे बुजवायच्या पुट्टीची, बोटभर जाड खपली निघाली, आणि आत वर्तमानपत्राचे बोळे. एक मराठी, एक कन्नड! कुणाचं काम होतं देव जाणे, सीमावाद तरी त्याने मिटवला होता. फोटो पाठवले, तुम्ही "करा" म्हणालात. पद्मिनीला वेगळी चॅसिस (खालचा सांगाडा) नसते, बॉडीचा भार हे चॅनलच घेतात. त्यावर परत लांबी चढवली असती तर तुमचे 22 हजार वाचले असते, आणि पहिल्यांदा जॅक लावला की तो आत घुसला असता.

उशिराचं निम्मं पावसावर, निम्मं माझ्यावर. जूनमध्ये फ्लोअर बेळगावच्या उद्यमबागेत ब्लास्ट करून, म्हणजे जोराच्या माऱ्याने गंज उडवून, आणला. त्याच संध्याकाळी हात फिरवला तर बोटांना तांबूस भुकटी. उघड्या पत्र्याला आपल्याकडची पावसाळी हवा काही तासांतच गंजवते. परत घासलं, आणि उघडीप मिळेपर्यंत प्रायमर मारायचा नाही असं ठरवलं. हे तुम्हाला फोन करून सांगायला पाहिजे होतं की नाही? होतं. सांगितलं नाही. तो राग बरोबर आहे.

खालून काळं डांबर का मारलं नाही, असंही विचारलंय. जुन्या गंजावर डांबर मारलं की ओल आत कोंडते. वरून दोन वर्षं गाडी छान दिसते आणि आत पत्रा पापडासारखा होतो. तुमच्या गाडीला सांध्यांत सीलर आणि चॅनलमध्ये मेण आहे. चोर्ला घाटाने गोव्याला नेलीत तर आल्यावर खालून गोड्या पाण्याने धुवा. दाराची भोकं काडीने मोकळी ठेवा.

सोमवारी सकाळी दहाच्या आत आणा, दार खोलायलाच अर्धा दिवस जातो. येताना आतल्या पॅनलच्या क्लिपा असतील तर घेऊन या, त्या हल्ली सहज मिळत नाहीत.