‘सेट’ म्हणजे बसवणे. तेव्हा जरा बसून बोलू

आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आलेला एक मेसेज दोन दिवसांत मला आणखी तीन ठिकाणांहून आला. म्हणणं असं: इंग्रजीतल्या ‘सेट’ या इवल्याशा शब्दाला 430 अर्थ आहेत आणि हा उच्चांक आहे. म्हणजे इंग्रजीत शब्दांचा दुष्काळ. मराठीत मात्र प्रत्येक अर्थाला स्वतंत्र शब्द. खाली ‘अभिमान असेल तर पुढे पाठवा’. अभिमान आहे, म्हणूनच पाठवला नाही.

आकडा खोटा नाही, शिळा आहे. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीच्या 1989 च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’ या क्रियापदाची नोंद सर्वांत लांब होती, सुमारे 60,000 शब्दांची. पुढे कोशाची फेरतपासणी सुरू झाली आणि ‘रन’ने बाजी मारली: एकट्या क्रियापदाचे 645 अर्थ. संपादक पीटर गिलिव्हर यांचे 9 महिने त्यात गेले. शिवाय अर्थ कुठे तोडायचा आणि कुठे जोडायचा, हे कोशकार ठरवतो. झाडावरचे आंबे मोजावेत तसे अर्थ मोजता येत नाहीत.

आता दुष्काळाचं. जॉर्ज झिफ या अमेरिकन अभ्यासकाने 1945 मध्येच दाखवलं होतं की जो शब्द जास्त वापरात, त्याला अर्थही जास्त. रोजच्या वापरातली कढई पोह्यांनाही लागते आणि भज्यांनाही. म्हणून कोणी त्या घरात भांडी नाहीत असं म्हणत नाही.

खरी गंमत तिसऱ्या मुद्द्यात आहे. ‘सेट’ हे ‘सिट’चं प्रयोजक रूप. बसणे, बसवणे, अगदी तसंच. (डिनर सेटमधला ‘सेट’ मुळात निराळा, लॅटिन ‘सेक्टा’वरून फ्रेंचमार्गे आलेला.) मग आपलं ‘बसणं’ पाहा. कसब्यात गणपती बसतो, नाकावर चष्मा बसतो, मांडवात ओरडून घसा बसतो. धक्का बसतो, विश्वास बसतो, भुर्दंड बसतो. संसाराची घडी बसली तर पेढे वाटायचे, धंदा बसला तर तोंड लपवायचं. क्रियापद तेच, अर्थ उलटे. ‘रडत बसला’मध्ये तो उभाही असू शकतो. आणि ‘सही करून बसला’ यातला पश्चात्ताप इंग्रजीत एका शब्दात सांगून दाखवा. हे सगळं फक्त ‘बसणे’. ‘लागणे’ आणि ‘पडणे’ अजून रांगेत आहेत. पुण्यातूनच 1932 ते 1938 या काळात निघालेल्या दाते-कर्वे यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे खंड कोणीही उघडून बघावेत.

मेसेजमधली एक गोष्ट मान्य: मामा, काका, आत्याचे यजमान सगळे तिकडे ‘अंकल’. सूर्याच्या बाबतीतही आपण जिंकतो. तिकडे तो ‘सेट’ होतो, आपल्याकडे त्यासाठी ‘मावळणे’ हा वेगळा शब्द आहे. पण दोन उदाहरणांवर भाषेचा निकाल लागत नाही.

ग्रुपवर मी एवढंच लिहिलं की उद्या तुळशीबागेत जाऊन विचारा, “काचेच्या वाट्यांचा सेट कितीला बसेल?” दुकानदार कोणताही शब्दकोश न उघडता किंमत सांगेल.