दगड नापास झाले

आमच्या सोसायटीतले तिसऱ्या मजल्यावरचे काका रविवारी मेंटेनन्सची पावती द्यायला आले आणि अर्ध्या तासात माझ्या पाच किनाऱ्यांची खिचडी करून गेले. आज गुरुवार आहे. शोकेसच्या त्या कप्प्याकडे मी अजून बघत नाही.

फिरायला गेलं की लोक काजू आणतात, कोकम आणतात. मी किनाऱ्यावरचे दगड आणतो. अलिबाग-हरिहरेश्वरचा काळा बेसाल्ट, रत्नागिरीचा जांभा, मालवणच्या गारगोट्या, दीवचा चुनखडक. (प्रवाळ मात्र मेलेलं दिसलं तरी उचलू नये, १९७२च्या वन्यजीव कायद्याची भानगड आहे.) बडोद्यात हा छंद जरा अवघडच. आमच्या पायाखाली सगळा गाळ, विश्वामित्रीच्या काठी सापडल्या तर मगरी सापडतात, दगड नाही. दगड ही इथे ट्रकमधून येणारी वस्तू. तिला कपची म्हणतात, म्हणजे आपली बांधकामाची खडी, आणि ती ब्रासवर (शंभर घनफुटांच्या मापावर) विकली जाते.

काकांनी आयुष्यभर साइटवर उभं राहून तीच मोजून घेतली.

"आ शुं? घरात काम काढलंयस?" डायनिंग टेबलवरचे खणांचे डबे बघून त्यांनी विचारलं.

"नाही काका, संग्रह आहे. दगडांचा."

त्यांनी चष्मा चढवला. हरिहरेश्वरचा एक नग उचलून तळहातावर फिरवला आणि एक्स-रे बघून डॉक्टर सांगतात तशा आवाजात म्हणाले, "गोल आहे."

"समुद्राने घासून घासून गोल झालाय, काका."

"गोल चालत नाही. सिमेंट नीट धरत नाही, निसटतो. कपचीला कोपरे पाहिजेत." दुसरा उचलला. "हा चपटा. दाब आला की आडवा मोडणार. असा माल आला की मी ट्रक परत पाठवायचो."

मी मग वैज्ञानिक बाजू लावून धरली. दीवचा दगड सुरीने जरा खरवडला आणि त्या भुकटीवर लिंबू पिळलं. लिंबाचं आम्ल दुबळं, अख्ख्या दगडावर फारसं काही दिसत नाही. भुकटी केली की बारीक बुडबुडे येतात आणि कळतं, हा चुन्याचा. काका वाकून बघत होते. वाटलं, जिंकलं.

"म्हणजे पावसात झिजणार," ते म्हणाले.

मग गारगोटी काढली. हिच्यावर सुरी चालत नाही, उलट हीच काचेवर ओरखडा काढते. कठीणपणाच्या मोहस मापाच्या दहा पायऱ्यांत हिची सातवी, सुरी-काचेची साधारण साडेपाचवी. काकांनी मान हलवली. "लॉस एंजेलिस केलीस?"

त्यांची मुलगी तिकडे असते, म्हणून मी म्हटलं, नाही, व्हिसाचं अवघड झालंय हल्ली. तर ती कपचीची परीक्षा निघाली. लोखंडी पिंपात दगड आणि पोलादी गोळे घालायचे, पाचशे फेरे द्यायचे आणि १.७ एमएमच्या चाळणीतून किती भुगा पडतो ते बघायचं. मी दगड घासायच्या छोट्या पिंपात हेच करतो, पण मायेने. पिंप पाऊण भरायचं. पहिला आठवडा साठ-नव्वद नंबरची जाड कार्बाइड पूड, मग त्याहून बारीक एकशेवीस-दोनशेवीस, मग पाचशे, शेवटी पॉलिश. दर वेळी दगड आणि पिंप दोन्ही स्वच्छ धुवायचे, नाहीतर जाड पुडीचा एक कण शेवटच्या आठवड्याची वाट लावतो. सारख्या कठीणपणाचे दगडच एकत्र घालायचे. पांढऱ्या ठिपक्यांचा बेसाल्ट घातला तर ठिपके मऊ, ते आधी झिजतात आणि देवीचे व्रण असलेला दगड हातात येतो. महिनाभर बाल्कनीत ही घरघर चालते. बायकोने या विषयावर बोलणं सोडलंय, ते जास्त वाईट.

हे सगळं सांगायचं होतं. तेवढ्यात काकांनी जांभ्यावरून ओलं बोट फिरवलं आणि चाटलं.

"खारा. सळया गंजतील."

"काका, यात सळया नाहीत."

"आज नाहीत."

यावर काय बोलायचं? आणि खरी चीड पुढेच आहे: ते बरोबर होते. जांभ्यावर गेले काही दिवस पांढरी बुरशी दिसत होती, तिला मी 'खनिजाचा थर' म्हणत होतो. मीठ होतं ते. बेसाल्ट आठवडाभर गोड्या पाण्यात ठेवून रोज पाणी बदललं की सुटतो. जांभा स्पंजासारखा, आतलं मीठ महिनाभर बाहेर येत राहतं. अंदाजाने थांबायचं नसतं. आरओवाल्याकडे असतो तसला, पाण्यातले क्षार मोजणारा टीडीएस पेन घ्यायचा, नळाच्या पाण्याचा आकडा आधी टिपायचा आणि रात्रभर दगड भिजलेल्या पाण्याचा आकडा त्याच्या जवळ येईपर्यंत पाणी बदलत राहायचं. मला हे माहीत होतं. मी दहाव्या दिवशी कंटाळलो होतो.

मी हा पराभव गिळत असताना काकांनी स्वयंपाकघराकडे तोंड करून विचारलं, "वहिनी, चाळणी आहे का?"

होती. गव्हाची होती, रव्याची होती. मी पाणी आणायला आत गेलो आणि बाहेर आलो तेव्हा ते माल लावत होते. बारीक एका डब्यात, वीस एमएम दुसऱ्यात, चाळीसचा तिसऱ्यात. मोठ्या दगडांवर मी नंबर टाकलेत. व्हाइटनरचा ठिपका, त्यावर काळ्या शाईने आकडा, वर रंगहीन नेलपॉलिश. वहीत त्या आकड्यापुढे गाव आणि तारीख. बारक्यांवर मात्र आळस केला आणि नंबर खणाला दिला. खण रिकामे झाले.

आता वजन करून जात कळते. डिजिटल वजनकाट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करायचा, दोऱ्याने दगड तळाला न टेकवता बुडवायचा. जितके ग्रॅम दिसतील तितके त्याचे घनसेंटिमीटर. कोरडं वजन त्याने भागलं आणि २.६५ आलं तर बहुधा गारगोटी, बेसाल्ट त्याहून भारी. पण अलिबागचा कुठला आणि हरिहरेश्वरचा कुठला? साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे तेच लाव्हाचे थर, तोच काळा रंग. गाव गेलं ते गेलं. आपल्या म्युझियममध्ये देवमाशाचा अख्खा सांगाडा आहे, तो कोणी येऊन मणक्यांच्या साइजप्रमाणे लावत नाही.

"आता बघ कसं दिसतंय," काका म्हणाले. बायको म्हणाली, "खरंच की." तिने तीन डबे तसेच उचलून शोकेसमध्ये ठेवले. कालच्या पाहुण्यांनी पहिल्यांदाच त्या कप्प्याचं कौतुक केलं.

आज सकाळी काका पुन्हा आले, हातात एक टोकदार, करडा तुकडा. "सेवालियाच्या खाणीतली कपची. माझ्या पहिल्या साइटची, जपून ठेवली होती. याला नंबर दे."

दिला. एकशे चौदा. बारीक मालाच्या डब्यात गाव नक्की माहीत असलेला तेवढा एकच दगड आहे.