टोलनाक्यावरचा इसबगोल

आमच्या रविवारच्या खेळात बाकीचे चौघं एकेक माणूस असतात. उरलेलं सगळं जग मी असतो. राजा मी, राजाचा घोडा मी, घोड्याला चावणारी गोमाशी मी, आणि "बाहेर पाऊस आहे का रे?" असं कुणी विचारलं, तर पाऊससुद्धा मीच. या पदाला डन्जन मास्टर म्हणतात, घरगुती नाव डीएम. थाट मोठा वाटतो, पण जीव मंगल कार्यालयाच्या मॅनेजरचा: मुहूर्त, मांडणी, रुसवेफुगवे सगळं आपल्या गळ्यात, आणि फोटोत आपण कुठेच नाही.

ज्यांना यातलं काहीच माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ साली अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनिव्हा नावाच्या गावातून बाहेर पडला. कर्ते दोघं, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन. एका खोक्यात तीन पातळ पुस्तिका, पहिली छपाई फक्त हजार प्रतींची. यात पट नसला तरी चालतं आणि शेवटी कुणी जिंकत नाही. समोर काय आहे ते डीएम सांगतो, आपण काय करणार ते खेळाडू सांगतात आणि ते जमलं की नाही याचा निकाल वीस बाजूंचा फासा देतो. वीस पडले की आरडाओरडा. एक पडला की फासाच खराब आहे यावर चर्चा.

हे सगळं मी आमच्या वरच्या मजल्यावरच्या काकूंना एकदा नीट समजावून सांगितलं होतं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "म्हणजे पत्ते नाहीत ना? मग ठीक आहे." त्यांची काळजी रास्त होती. रविवारी दुपारी आमच्या खिडकीतून "म्हाताऱ्याला आधी जाळू, मग त्याचे खिसे बघू" अशी वाक्यं बाहेर जातात.

आता मंडळी. पहिला माझा शाळेपासूनचा मित्र, धंद्याने सीए. आठवडाभर लोकांची विवरणपत्रं भरतो आणि रविवारी बार्बेरियन, म्हणजे रानटी योद्धा, होऊन कुऱ्हाडीने दारं फोडतो. "अरे, दार उघडंच होतं," मी सांगतो. "असू दे," तो म्हणतो. दुसरी त्याची बायको. ती मूळची नागपूरची, डेंटिस्ट, आणि खेळात चोर. मेलेल्या शत्रूचे खिसे सगळेच तपासतात, ही तोंड उघडून बघते. सोन्याचे दात मोजून घेते. नसले तर निदान दाढांची अवस्था तरी विचारून घेते, आणि ती मला सांगावी लागते. तिसरा माझा मेहुणा. तो जादूगार आहे, त्याच्याकडे डझनभर मंत्र आहेत आणि त्याला एकच आठवतो: फायरबॉल. सहा बाजूंचे आठ फासे, २० फूट त्रिज्या. ही त्रिज्या बहुधा १५ फुटांच्या खोलीत वापरली जाते, जिच्यात बाकीचे तिघंही उभे असतात. "सरासरी २८," जळता जळता सीए हिशेब देतो. चौथी माझी भाची, अकरावीत आहे, खेळात पुजारीण. नियमांचं पुस्तक पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचलेली ती एकटीच, त्यामुळे मला खरी भीती तिची.

सुरुवातीला खेळाला 'वातावरण' आणायचं माझ्या डोक्यात बसलं होतं. मेणबत्त्या लावल्या. आई स्वयंपाकघरातून आली, "लाइट गेलेत का?" म्हणाली आणि बटण दाबून गेली. मग फोनवर गुहेतल्या थेंबांचे आवाज लावले. अर्ध्या तासात तिघं बाथरूमला जाऊन आले आणि बाबांनी सगळे नळ तपासले. राक्षसांच्या रंगीत मूर्ती परदेशातून मागवायला निघालो, तेव्हा बायकोने नुसतं किमतीकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. एवढ्यात कुठेतरी वाचलं की खुद्द गायगॅक्सला असल्या चोचल्यांची गरज पडली नव्हती. त्याला स्वस्तातली प्लॅस्टिकच्या प्राण्यांची एक पिशवी मिळाली होती. त्यातले काही कुठल्याच प्राण्यात जमा होत नव्हते, तेव्हा त्याने ते सरळ राक्षस म्हणून पटावर उभे केले. घुबडाचं तोंड लावलेलं अस्वल आणि लोखंड खाणारा तो शेपटीवाला किडा, ही आज जगभर गाजलेली मंडळी त्या पिशवीतली. मग मीही धीर केला. ओर्क, म्हणजे शत्रूचे राक्षसी शिपाई, आमच्याकडे खारे शेंगदाणे असतात. मारला की खायचा, असा नियम. युद्धाला जोर चढतो हे खरं, पण मेहुणा बोलता बोलता जिवंत ओर्क खातो. एकदा त्याने सेनापतीच तोंडात टाकला आणि आम्हाला लढाई तहकूब करावी लागली.

तारखांबद्दल फार लिहीत नाही, रक्तदाब वाढतो. पाच मोठी माणसं एका दुपारी एका टेबलाभोवती आणणं हे काम पंचांगात बसत नाही. श्रावणात सत्यनारायण, भाद्रपदात गणपती, मग दिवाळी, मग लगीनसराई, मार्चअखेर सीए माणसांत नसतो आणि मे महिन्यात भाचीला क्लास. पितृपक्ष तेवढा मोकळा सापडतो. आमचे बहुतेक पराक्रम पितृपक्षातले.

तर अशाच एका मोकळ्या रविवारसाठी मी जीव ओतून तयारी केली होती. खलनायकाचं नाव मालाक्थार. त्याचा किल्ला मी बाहेरच्या देशांतून आणला नाही. राजगडाच्या संजीवनी माचीवरून उचलला. तिथली चिलखती तटबंदी ज्यांनी पाहिलीय त्यांना कळेल. तटाच्या आत तट, मधे माणूस जेमतेम मावेल एवढी खोल फट, आणि त्यात उतरणाऱ्या पायऱ्या. बाहेरची भिंत पडली म्हणून हर्षाने आत शिरलेला शत्रू त्या फटीत अडकतो आणि वरून दगड येतात. दरवाजा मात्र रायगडाच्या महादरवाज्यासारखा गोमुखी केला, दोन बुरुजांच्या वळणाआड दडवलेला, म्हणजे सीएला कुऱ्हाड घेऊन धावत यायला जागाच राहू नये. आलेखाच्या कागदावर नकाशा काढला. चोरदिंडी, टाकी, धान्यकोठार सगळं दाखवलं. मालाक्थारचं भाषण लिहिलं आणि आंघोळ करताना म्हणून पाहिलं.

किल्ल्याकडे जाणाऱ्या वाटेवर नदी होती. नदी म्हटल्यावर पूल आला. आणि नुसतं "तुम्ही पूल ओलांडता" म्हणणं कोरडं वाटलं म्हणून माझ्या तोंडून निघून गेलं, "पुलाच्या तोंडाशी एक म्हातारा गॉब्लिन, बुटकासा राक्षस, टोल घेत बसलाय."

सीएच्या हातातली बाकरवडी हातातच राहिली.

"किती?"

"माणशी दोन तांब्याची नाणी," मी म्हणालो. "देऊन टाका आणि पुढे चला."

"पावती मिळेल?"

गॉब्लिनचा आवाज काढायचा म्हणून मी वऱ्हाडी लावली. "काऊन बे, पावती कायले पायजे तुले?"

"'बे' म्हणताना इतकं लाजायचं नसतं," डेंटिस्ट म्हणाली. तिने मला ते वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं. तिसऱ्यांदा बरं जमलं असावं, कारण आतून आई बघायला आली.

"पावती नाही, मग वसुली अधिकृत कशावरून?" सीए सोडेना. "पूल कधी बांधला? खर्च किती आला? रोज किती गाड्या जातात? खर्च केव्हाच वसूल झालाय याचा."

मी शांतपणे त्याला आठवण करून दिली की त्याचा बार्बेरियन अडाणी आहे, त्याची बुद्धी कागदावर ८ लिहिली आहे, त्याला बेरीजसुद्धा येत नाही.

"बेरीज येत नाही," तो म्हणाला, "पण वास येतो."

आणि मग भाचीने तो प्रश्न विचारला, ज्याला जगातला प्रत्येक डीएम घाबरतो. "मामा, त्याचं नाव काय?"

माझ्याकडे मालाक्थारच्या पणजोबांचंसुद्धा नाव तयार होतं. टोलवाल्याचं नव्हतं. चौघं पेन्सिली सरसावून बघताहेत, एक क्षण अडखळलो तर हा माणूस आत्ता सुचलेला आहे हे उघडं पडणार. मी मान वळवली, समोर बाबांच्या औषधांचं कपाट होतं.

"इसबगोल," मी म्हणालो.

कुणी हसलं नाही. भाचीने वहीत लिहून घेतलं. "भारदस्त आहे," मेहुणा म्हणाला. आणि खरं सांगायचं तर आहेच. मालाक्थार हे नाव पुढच्या आठवड्यापर्यंत 'तो मल्टिप्लेक्स' झालं होतं, इसबगोलला मात्र कुणी विसरलं नाही. रात्री बाबांनी दारातून डोकावून विचारलं, "माझं इसबगोल कुणी हलवलं?" तेव्हा मेहुणा तंद्रीतच म्हणाला, "काळजी करू नका काका, तो आता आपल्या बाजूने आहे."

कारण तोवर तो त्यांच्या बाजूला आलेला होता. विचारपूस करता करता (मी उत्तरं देत होतो आणि मलाही ती पहिल्यांदाच कळत होती) निष्पन्न झालं की इसबगोलला मालाक्थारने सहा महिने पगार दिलेला नाही. घरी म्हातारी आई आहे, गुडघे दुखतात, गॉब्लिनचे आणि आईचेही. भाचीने तिच्या देवाच्या कृपेने दोघांचे गुडघे बरे केले. डेंटिस्टने त्याचे दात फुकट तपासले. सीएने वहीच्या मागच्या पानावर भागीदारीचा करारनामा केला, चार हिस्से यांचे, एक इसबगोलचा, आणि टोलनाका ताब्यात घेतला. किल्ल्याचा नकाशा घडी घालून पुस्तकात गेला. तिथून पुढचे कित्येक रविवार जगातली सर्वात शूर चार माणसं पुलावर बसून पावत्या फाडत होती.

डीएम लोकांना सल्ला देणारी मंडळी भरपूर आहेत. जगाचा इतिहास लिहा, नाण्यांवरची चित्रं ठरवा, राजघराण्याची वंशावळ काढा. काढा बापडे. माझ्या अनुभवात वर्णनाचं तिसरं वाक्य सुरू झालं की खेळाडू चिवड्यातले काजू शोधायला लागतात. त्यांना हवा असतो दुखऱ्या गुडघ्याचा एक माणूस, ज्याच्याशी भांडता येईल.

आणि हवी असते माझी आई. तिला खेळात यायचं नव्हतं, ती नुसती मेथी निवडत बसली होती. परक्या मुलखातले व्हॅम्पायर वापरून कंटाळलो होतो म्हणून त्या दिवशी मी रानात एक मुंजा ठेवला. "वडाच्या फांदीवर एक शेंडीवाला मुलगा पाय हलवत बसलाय."

"मुंजा वडावर?" आई मेथीतून मान वर न करता म्हणाली. "मुंजा पिंपळावर असतो."

"आई, हे काल्पनिक जग आहे."

"असू दे की काल्पनिक. म्हणून काय वडावर बसवायचं त्याला?"

मी मुंजाला पिंपळावर हलवला. तेव्हापासून राक्षसांच्या पुस्तकापेक्षा आईचा शब्द वरचढ. रानात वाट चुकवायची तर चकवा कसा लागतो ते तिने सांगितलं. दिवसभर चालून माणूस पुन्हा त्याच झाडाखाली येतो. मेहुण्याने ते झाडच जाळायला काढलं. कोकणात आणि गोव्यात वेताळाला चामड्याच्या वहाणा वाहतात, रात्री तो गावाभोवती फेऱ्या मारतो आणि त्या झिजतात, हेही तिचंच. पुस्तकात जादूचे बूट असतात, परींचे आणि कसले कसले. मी त्यांच्याऐवजी वेताळाच्या झिजलेल्या वहाणा देवळात ठेवल्या. घालणाऱ्याचा वेग दुप्पट.

डेंटिस्टने त्या उचलल्या.

"देवळाबाहेरून चपला नेतात हे ऐकलं होतं," आई म्हणाली. "हिने देवाच्याच नेल्या!"

शिक्षाही तिनेच ठरवली. प्रत्येक वेळी दोन फासे टाकायचे आणि कमी पडेल तो धरायचा. "किती दिवस, काकू?" डेंटिस्टने रडवेल्या आवाजात विचारलं. "नारळ फोडेपर्यंत." नियमांच्या पुस्तकातल्या साहित्याच्या यादीत १० फुटी काठी मिळते, ५० फूट दोर मिळतो. नारळ नाही. नारळ शोधण्यात दोन रविवार गेले. ते आमच्या मोहिमेतले सर्वात थरारक रविवार होते, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं, आणि किल्ल्याचा नकाशा अजून पुस्तकातच होता.

शेवटी मी विचार केला, हे मालाक्थारकडे जात नाहीत ना, मग मालाक्थारच येईल. मागच्या रविवारी तो आला. हाडांचा रथ, मागे दोन वाट्या शेंगदाण्यांचं सैन्य. मी उभा राहिलो, खोल आवाज लावला आणि आंघोळीत घोटून घोटून पाठ केलेलं भाषण सुरू केलं. "मर्त्य मानवांनो, तुमच्या राज्यांची राख..."

"एक मिनिट," सीए म्हणाला. "रथाला मल्टी-ॲक्सल लागेल का?"

"चाकं किती आहेत, मामा?" भाचीने वही उघडली.

मी भाषण सोडून दिलं. चाकं चार आहेत असं सांगितलं. मालाक्थारने, म्हणजे मी, डोळ्यांतून आग ओकत विचारलं की त्याला अडवणारा हा क्षुद्र जीव कोण. इसबगोल, म्हणजे मीच, उठून उभा राहिला आणि म्हणाला, "सहा महिन्याचा पगार दे बे आधी."

'बे' अगदी बरोबर लागला. डेंटिस्टने टाळ्या वाजवल्या. सीए सावकाश खुर्चीतून उठला, अदृश्य कुऱ्हाड खांद्यावर घेतली, आणि टॅक्स ऑडिटच्या काळात काढतो तसल्या थंड आवाजात म्हणाला, "इसबगोल, साहेबांना एकेरीच पावती फाड. परतीची लागणार नाही."

माझ्या अंगावर काटा आला. एवढं वर्षभर ज्याची वाट पाहिली ती लढाई. मी म्हणालो, "इनिशिएटिव्ह टाका, आधी कोण ते ठरू दे."

मेहुण्याच्या मुठीत आठ फासे केव्हाचे खुळखुळत होते.

"पूल लाकडी आहे," भाची म्हणाली.

"कुठे लिहिलंय?" असं म्हणत त्याने ते सोडले.