गोडेतेलाचा हात

काल सकाळी यवतेश्वरचा घाट उतरून पोवई नाक्यावर थांबलो, सायकल भिंतीला टेकवली, चहा सांगितला आणि वळून बघतो तर भज्यांच्या गाड्याशेजारी बसलेले एक आबा माझ्या सीटवर गोडेतेलात बुडवलेली चिंधी फिरवत होते.

"आवो आबा, काय करताय?"

"कोरडं पडलंय की! कातडं हाय न्हवं? पायताणाला तेल लावत न्हाई व्हय?"

पंचाईत अशी की आबा निम्मे बरोबर होते. कोल्हापुरी पायताण बाभळीच्या सालीत नि हिरड्यात कमावतात, आणि सीटचं कातडंही झाडपाल्याच्याच रसात कमावलेलं. पण पायताण मऊ पडलं तर पायाला सुख. सीट मऊ पडली की जुन्या बाजेसारखी झोळ पडते. तिच्या आत फोम नाही, गादी नाही. सुमारे पाच मिलिमीटर जाडीचं एकच कातडं पुढच्या नाकापासून मागच्या पट्टीपर्यंत ताणून रिव्हेटांनी ठोकलेलं. पातळ तेल आत मुरलं की ताण जातो, बाजू फाकतात, मांड्या सोलून निघतात.

लावायचं असतं मेण-चरबीचं घट्ट मलम. तेही बोटाच्या टोकावर मावेल एवढं. नव्या सीटला वरून आणि एकदा खालून, रात्रभर ठेवून सकाळी मऊ फडक्यानं चोळायचं. पुढं तीन-चार महिन्यांनी एक पातळ हात, बास. सगळा पाऊस वरून येतो असं लोकांना वाटतं. मडगार्ड नसेल तर मागचं चाक चिखलपाणी थेट सीटच्या पोटावर उडवतं, आणि पोटाला काही लेप नसतो. भिजली तर सावलीत, पंख्याखाली. चुलीशेजारी किंवा उन्हात वाळवली की कडक होते नि तडकते. श्रावणात हिरवट बुरशी येतेच. ती पुसायची, घाबरायचं नाही.

हे सगळं मी आबांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "कुटलं हाय?"

"ब्रूक्स. इंग्लंडचं."

"चायनाचं आसंल."

"नाही हो. बर्मिंगहॅमजवळ स्मेदिक म्हणून गाव आहे, तिथं कारखाना आहे."

"मालक कोन?"

इथं मी खरं बोललो, ही माझी चूक. "2002 पासून इटलीची कंपनी."

"मंजी इटलीचं."

"कारखाना इंग्लंडातच आहे, आबा!"

"आन् गाय?"

मी गप्प. आबांनी चिंधी खांद्यावर टाकली. "गाय कुटली म्हाईत न्हाई, मालक इटलीचा, ठोकनारा इंग्लंडचा. आन् तुमी म्हंता, इंग्लंडचं."

एवढं ऐकून भजीवालाही माझ्याकडं संशयानं बघायला लागला. या कंपनीच्या मूळ मालकाचा घोडा मेला, म्हणून त्यानं सायकल मागून आणली, तिच्या सीटनं हैराण झाला आणि 1882 मध्ये स्वतःच्या सीटचं पेटंट घेतलं, अशी कथा सांगतात. ती मी आबांना सांगितली नाही. त्यांनी घोडा कुठला, असं विचारलं असतं.

खरं तर सीट जोखायची तर देशाचा शिक्का कशाला वाचायचा? उलटी करावी. कापलेली कड बघावी: एकसंध, दाट, तंतूंची दिसली तर कातडं, प्लास्टिकच्या साच्यावर पातळ साल चिकटवलेली दिसली तर कोणत्याही देशाची असो, परत करावी. हे मी शेवटी मोठ्यानं म्हणालो. आबा म्हणाले, "आदी सांगायचं न्हाई का?"

"आन् कितीला पडली?"

मी निम्मी किंमत सांगितली.

"एवढ्यात शेळी आली आस्ती."

आता मुरलेलं तेल काही निघत नाही. सुती फडकं दाबून जेवढं वर आलं तेवढं टिपलं. नाकाखालचा नट आवळायचा मोह होतोय, पण तेलानं ढिलं पडलेलं कातडं ताणलं तर रिव्हेटांपाशीच फाटायचं. एरवीही एका वेळी पाव फेऱ्याच्या पुढं जायचं नसतं. पँटचा डाग घरच्यांनी दोनदा घासला. आणि आज सकाळपासून गल्लीतलं एक कुत्रं सायकलपाशी बसून आहे. सीटला भज्यांचा वास येतोय.