फॉर्म भरून झाल्यावर त्या बाईचं काय?

नर्स संशोधन करते हे बाहेरच्या फार लोकांना माहीत नसतं. पण करते. एम.एस्सी. नर्सिंगच्या दोन वर्षांत प्रत्येकाला प्रबंध लिहावा लागतो, बी.एस्सी.च्या मुली गट करून छोटा प्रकल्प करतात, आणि हल्ली यातले कितीतरी विषय मानसिक आरोग्याचे असतात. कॅन्सरच्या रुग्णांमधलं नैराश्य, घरच्यांवर पडणारा ताण, विद्यार्थ्यांची चिंता. विषय रास्त आहेत, गरजेचे आहेत. मी मराठवाड्यात आधी वॉर्डात आणि आता नर्सिंग कॉलेजात बरीच वर्षं काढली आहेत, आणि एक गोष्ट मनापासून सांगायची आहे. आपण माणसांना त्यांच्या मनातलं विचारतो, उत्तरांचे गुण मोजतो, प्रबंधाला कव्हर घालून सोनेरी अक्षरं छापून घेतो, आणि ज्यांनी आपल्याला सांगितलं त्यांच्याकडे पुन्हा फिरकत नाही. ज्याला मनातलं विचारलं त्याच्या पदरात काहीतरी पडलंच पाहिजे. तेवढं जमणार नसेल तर विचारू नये.

आपल्या भागात याची निकड जास्त आहे. राज्यातली चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालयं ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांच्या वाट्याला त्यातलं एकही आलं नाही. घाटी (छत्रपती संभाजीनगर), अंबाजोगाई, नांदेड, लातूरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत मानसोपचार विभाग आहेत, जिल्हा रुग्णालयात जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची ओपीडी असते, तिथली माणसं जीव तोडून काम करतात. पण औंढ्याच्या किंवा भूमच्या माणसाला तिथवर यायचं म्हणजे रोज बुडतो, एसटीचं भाडं लागतं आणि सोबतीला आणखी एकाचा रोज बुडतो. त्यामुळे बहुतेकांच्या आयुष्यात मानसोपचारतज्ज्ञ येतच नाही. नर्स येते. लसीकरणाला येते, बाळंतपणात असते, रात्री दोनला सलाईन बदलायला उभी असते.

निम्हान्स या बंगळूरच्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. प्रौढांपैकी १०.६ टक्के लोकांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता, आणि उपचारच न मिळालेल्यांचं प्रमाण वेगवेगळ्या आजारांत ७० ते ९२ टक्के निघालं. हे सर्वेक्षण बारा राज्यांत झालं आणि त्या बारांत महाराष्ट्र नव्हता. तेव्हा इथल्या माणसांचं काय चाललंय हे इथेच राहून कुणीतरी शोधलं पाहिजे, आणि त्यांच्या उशाशी सगळ्यात जास्त वेळ नर्सच असते.

आता प्रबंधांकडे बघा. एक साचाच ठरून गेलाय. अमुक विषयाच्या ज्ञानावर नियोजित शिक्षण कार्यक्रमाची परिणामकारकता. आधी एक चाचणी घ्यायची, मग फ्लिपचार्ट दाखवून पाऊण तास शिकवायचं, सात दिवसांनी तोच कागद पुन्हा भरून घ्यायचा. गुण वाढतात, कारण सात दिवसांपूर्वीच उत्तरं सांगितलेली असतात. फरक निव्वळ योगायोगाचा नाही असं दाखवणारी संख्याशास्त्रातली पी ची किंमत ०.०५ च्या खाली येते आणि कार्यक्रम परिणामकारक ठरतो. तुलनेला दुसरा गट नसतो, नमुने साठ, तेही जे सापडतील ते. स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाच्या आईला आजाराची लक्षणं पाठ झाली हे त्यातून कळतं. पोराने गोळ्या थुंकून टाकल्या त्या रात्री तिने काय केलं, तिला फोन करायला कुणी होतं का, ती झोपली का, यातलं काहीही कळत नाही. मुलांना मी दोष देत नाही. त्यांना मुदत असते, पैसा नसतो, आणि गाईड सोपा विषय मंजूर करतात. साचा मोडायचं काम आम्हा शिकवणाऱ्यांचं आहे.

एक प्रसंग सविस्तर सांगते. डायलिसिस विभागात एका विद्यार्थिनीसोबत मी बसले होते. तिचा विषय होता रुग्णांची काळजी घेणाऱ्यांवरचा ताण, आणि हातात झारिटची प्रश्नावली होती. बावीस प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते चार गुण, ८८ पैकी जितके जास्त तितका भार जास्त. समोर चाळिशीतली बाई, परभणीकडची. नवऱ्याचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस, त्यासाठी पहाटेची गाडी. मांडीवर प्लास्टिकची कॅरीबॅग, तीत रेशनकार्डाच्या आणि आधारच्या झेरॉक्स. जनआरोग्य योजनेच्या खिडकीवर कधी काय मागतील याचा नेम नाही म्हणून ती बॅग खाली ठेवतच नव्हती. प्रत्येक प्रश्नाला उत्तर एकच, ‘नाही, तसं काई नाही.’ तुम्ही त्यांच्यासाठी अजून काही करायला हवं असं वाटतं का, या प्रश्नावर ती थांबली. ‘आजून काय करू, तुम्हीच सांगा.’ आणि शेवटचा प्रश्न, एकूण किती ओझं वाटतं? ‘ओझं कसं म्हणू सिस्टर, मालक हायत माझे.’

बेरीज इतकी कमी आली की प्रबंधाच्या तक्त्यात ती ‘भार नाही किंवा अत्यल्प’ या रकान्यात गेली असती.

विद्यार्थिनीने कागद फाईलमध्ये ठेवला, तेव्हा बाईने विचारलं, ‘हे असं किती वर्सं चालतं ओ?’ मग ती बोलायला लागली. पोरीची शाळा सुटली, कारण घरी म्हशीचं कुणीतरी बघायला पाहिजे. शेत वाट्याने दिलं. रात्री छातीत धडधडतं. डबा एकाचाच आणते, मालकांच्या पथ्याचा. त्यांना जेवू घालून उरलं तर खाते, नाहीतर चहा. विद्यार्थिनी उठली आणि आपणहून तिचा बीपी बघितला. १६० वर १००. नवऱ्याचा बीपी त्या खोलीत दर तासाला लिहिला जात होता. त्याच खाटेशेजारी आठवड्यातून दोनदा येऊन बसणाऱ्या बाईच्या दंडाला तोवर कुणीही कफ बांधला नव्हता.

प्रश्नावल्या वाईट असतात असं मी म्हणत नाही. झारिटवर जगभर काम झालंय आणि पुष्कळ ठिकाणी ती उपयोगी पडते. पण नवऱ्याच्या खाटेशी बसवून, त्याच्या कानावर पडेल अशा आवाजात विचारल्यावर कुठली बाई ‘ओझं वाटतं’ म्हणेल? जागा बदला. तिला बाजूला न्या, चहा द्या, आधी तिच्या तब्येतीचं विचारा. कागद मिटल्यानंतर ती जे बोलली तेही संशोधनच आहे. गुणात्मक पद्धतीने नीट नोंदवलेल्या दहा मुलाखती साठ फॉर्मपेक्षा जास्त शिकवतात. हिल्डगार्ड पेपलाऊ यांनी १९५२ साली मांडलं की नर्सिंगच्या मुळाशी नर्स आणि रुग्ण यांच्यातलं नातं आहे. आम्ही ते परीक्षेला शिकवतो, मुली पाच गुणांसाठी लिहितात, आणि प्रबंधाची वेळ आली की नातं जोडायला लागणारा वेळच वेळापत्रकात नसतो.

या प्रबंधातून वॉर्डाला काय मिळायला हवं होतं? फार नाही. ड्युटी बदलताना आपण ओव्हर देतो, म्हणजे पुढच्या सिस्टरला रुग्णांची माहिती सांगतो, त्यात सोबतच्या माणसाचं एक वाक्य. ‘बारा नंबरच्या बाई दोन रात्री झोपल्या नाहीत.’ महिन्यातून एकदा सोबतच्यांचा बीपी आणि साखर. याला बजेट लागत नाही, इन्चार्ज सिस्टरने मनावर घेतलं तर उद्यापासून होतं. पण तिला सांगायला कुणी गेलं पाहिजे ना! प्रबंधाची एक प्रत ग्रंथालयात जाते, एक विद्यापीठाकडे. ज्या वॉर्डात काम झालं तिथे मराठीत लिहिलेलं एक पानही जात नाही.

यापुढची गोष्ट जास्त गंभीर आहे. नैराश्य मोजायला पीएचक्यू-९ ही नऊ प्रश्नांची प्रश्नावली सर्रास वापरतात. त्यातला नववा प्रश्न असा, की गेल्या दोन आठवड्यांत मेलेलं बरं किंवा स्वतःला इजा करावी असे विचार आले का. हा प्रश्न आपण शेतकरी कुटुंबांना विचारतो, कॅन्सरच्या रुग्णांना विचारतो, कॉलेजातल्या पोरांना विचारतो. आणि कुणी ‘हो, जवळपास रोज’ वर खूण केली तर? माझ्याकडे सिनॉप्सिस, म्हणजे प्रबंधाचे आराखडे, येतात त्यातल्या पुष्कळशांत याचं उत्तरच नसतं. फॉर्म गोळा होतात, घरी नेऊन एक्सेलमध्ये भरले जातात, आणि खूण करणारा माणूस गावी निघून गेलेला असतो. त्याने धीर करून सांगितलं आणि ऐकणाऱ्याने फक्त त्या उत्तराचा तीन हा आकडा लिहून घेतला. हे मला सहन होत नाही.

ज्या संशोधनात हा प्रश्न आहे त्यात फॉर्म हातात आल्या आल्या, त्या माणसाच्या समोर, नववं उत्तर बघितलं गेलं पाहिजे. होकार असेल तर त्याला एकटं सोडायचं नाही, त्याच दिवशी मानसोपचार ओपीडीत किंवा वैद्यकीय अधिकाऱ्याकडे स्वतः घेऊन जायचं, त्याच्या मर्जीने घरच्या एकाला सांगायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाईनचा १४४१६ हा मोफत नंबर त्याच्या मोबाईलमध्ये आपल्या हाताने सेव्ह करून द्यायचा. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, रात्रीसुद्धा उचलतात आणि मराठीत बोलतात. संशोधनाला मंजुरी देणाऱ्या नैतिक समितीने, हे सगळं लिहिलेला परिच्छेद नसेल तर प्रस्ताव परत पाठवावा. आशाताई गावात घरोघरी आरोग्याची माहिती भरून घेतात त्या सीबॅक फॉर्ममध्येही नैराश्याचे दोन प्रश्न आहेत, त्यांनाही पुढे कुणाकडे पाठवायचं हे नावानिशी सांगितलेलं असलं पाहिजे.

आणि जीव देण्याचा प्रयत्न करून आलेला रुग्ण वॉर्डात असतो तेव्हा त्याला ‘कशाला केलंस असं, आईबापाचा विचार नाही केलास?’ म्हणून झापणं आता तरी थांबवा. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचं ११५ वं कलम सांगतं की असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरून चालायचं. आपल्या वॉर्डांत अशा रुग्णांना नर्सकडून नेमकं काय ऐकायला मिळतं आणि त्याचा त्यांच्यावर काय परिणाम होतो, यावर कुणी प्रबंध करायला तयार असेल तर मी आनंदाने गाईड होईन.

इथले विषयही इथल्या आयुष्यातून यायला हवेत. दसरा-दिवाळीनंतर बीडकडची हजारो जोडपी उसाला जातात, म्हातारी माणसं आणि लेकरं मागे गावात राहतात. मनोरुग्ण असलेला मुलगा मागे राहिला तर त्याच्या गोळ्या सहा महिने कोण आणतं? कोयत्यावर असताना बाईला उदास वाटलं तर ती कुणाला सांगते? २०१९ मध्ये सरकारी समितीने बीड जिल्ह्यातल्या ८२ हजारांवर ऊसतोड महिलांची माहिती घेतली, तेव्हा तेरा हजारांहून जास्त जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्या शस्त्रक्रियांवर पुष्कळ लिहिलं गेलं. त्या बायांच्या मनाचं पुढे काय झालं हे विचारणाऱ्या नर्सिंग कॉलेजांची इथे रांग लागायला हवी होती. किल्लारीच्या भूकंपानंतर, १९९३ साली, वाचलेल्यांच्या मानसिक स्थितीचा अभ्यास झाला होता आणि तपासलेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत मानसिक आजार दिसले होते. तेव्हाची लेकरं आज चाळिशीत आहेत, लातूर-धाराशिवच्या आपल्याच दवाखान्यांत येतात.

राहिले विद्यार्थी. नर्सिंगच्या मुलींवर संशोधन सगळ्यात जास्त होतं, कारण त्या हाताशी असतात. वर्गात डास-२१ हा नैराश्य, चिंता आणि ताण मोजणारा २१ प्रश्नांचा फॉर्म वाटायचा, वीस मिनिटांत शंभर फॉर्म. वाटणारी मॅडम तीच, जिच्या हातात अंतर्गत गुण असतात. संमतीपत्रावर सगळ्याच सह्या करतात, कारण नाही म्हणायची सोय नसते. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत विद्यार्थ्यांसारख्या हाताखालच्या लोकांना खास संरक्षण द्यायला सांगितलंय, ते यासाठीच.

या मुलींचं आयुष्य एकदा नीट बघा. अठरा वर्षांची पोर, केज किंवा जिंतूर तालुक्यातून आलेली, बारावीपर्यंत बरंचसं मराठीतच शिकलेली, आता शरीररचना इंग्रजीत. सकाळी क्लिनिकल पोस्टिंग, दुपारी लेक्चर, रात्री लॉगबुक. पहिल्याच वर्षी कधीतरी वॉर्डात तिच्यासमोर माणूस जातो. स्टाफ सिस्टरसोबत ती बॉडी पॅक करते, हात धुते, बाहेर रडणाऱ्या माणसांमधून वाट काढत हॉस्टेलवर येते आणि दुसऱ्या दिवशीची केस स्टडी लिहायला बसते. त्या रात्री तिच्याजवळ कोण बसतं? हा प्रश्न डास-२१ मध्ये नाही, तो आपण विचारायचा आहे. पहिल्या मृत्यूनंतर वरच्या वर्गातल्या एखादीने किंवा ट्यूटरने तिच्यासोबत अर्धा तास बसायचं, एवढी साधी पद्धत लावून तिचा परिणाम वर्षभर अभ्यासता येईल.

सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये सांगितलंय की शंभर किंवा जास्त विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा. तो नेमताना मानसिक आरोग्य शिकवणाऱ्या मॅडमलाच जास्तीचा चार्ज देऊ नका. जी गुण देते तिच्यासमोर कुठलीही मुलगी मनातलं बोलणार नाही. बाहेरचा माणूस आणा, आणि त्याची खोली प्राचार्यांच्या केबिनसमोर ठेवू नका.

पुढच्या सत्रापासून आम्ही एक करतो आहोत. आमच्या मुलींचे फॉर्म शेजारच्या जिल्ह्यातल्या कॉलेजचे शिक्षक येऊन भरून घेतील आणि त्यांच्या मुलींचे आम्ही. रोल नंबर नाही, नववं उत्तर जागेवर बघायचं, आणि महिन्याच्या आत निष्कर्ष मुलींसमोर मराठीत मांडायचे. आठही जिल्ह्यांतून कॉलेजं जोडली गेली तर मोठं काम होईल. नर्सिंग शिकवणाऱ्या ज्यांना यात यायचंय त्यांनी इनबॉक्समध्ये लिहा, प्रस्तावाचा कच्चा मसुदा पाठवते.