ताई, आवाज मागे पडला ती चूक आमचीच, पण बाकीचंही जरा ऐकून घ्या

नमस्कार ताई, तुमचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. मुलाच्या मुंजीची डीव्हीडी आमच्याकडून करून घेतलीत, तीन दिवस लागले, चित्र धूसर आहे, आवाज मागे पडतो आणि हेच काम घरच्या कॉम्प्युटरवर फुकट दहा मिनिटांत होतं असं तुम्ही लिहिलंय, दोन स्टार दिलेत.

आधी आवाजाचं बोलतो कारण तिथे आम्ही चुकलो. आज सकाळी आमच्याकडची कॉपी लावून शेवटपर्यंत बघितली, भिक्षावळीत बटूचे ओठ हलतात आणि 'भवति भिक्षां देहि' जवळजवळ सेकंदभराने ऐकू येतं, आईच्या डोळ्यात पाणी आलेलं दिसतं आणि आवाज अजून मागेच, मला स्वतःला बघवलं नाही. झालं असं की मोबाइल दर सेकंदाला एकसारख्या फ्रेम, म्हणजे सुटी चित्रं, घेत नाही, उजेड कमी झाला की फ्रेम कमी करतो, आणि डीव्हीडीला मात्र सेकंदाला २५ म्हणजे २५च लागतात. आधी प्रत्येक क्लिप स्थिर फ्रेम रेटला आणायची आणि मग जोडायची, आमच्या मुलाने घाईत सरळ जोडून टाकल्या. सुरुवातीला फरक कळत नाही, पुढे पुढे वाढत जातो, आणि आम्ही चेक करताना पहिली दहा मिनिटंच बघितली. माफ करा. नवीन डिस्क करून देतो, पैसे अर्थातच नाही.

धूसरपणाचं थोडं वेगळं आहे. पेनड्राइव्हमधल्या बऱ्याच क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या होत्या, त्यात व्हिडिओ आधीच दाबून लहान झालेला असतो आणि एकदा गेलेला बारकावा कुठलंच सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. त्यात सगळं मिळून पावणेतीन तासांच्या वर, आणि डिस्क ४.७ जीबीची. डीव्हीडीत एमपेग-टू या प्रकारातला व्हिडिओ चालतो, त्याला सेकंदाला ९.८ मेगाबिट डेटापर्यंत जाता येतं, पण एवढे तास एका डिस्कवर बसवायचे तर साडेतीनच्या आसपासच मिळतात. म्हणून मी तेव्हाच दोन डिस्क करू म्हणालो होतो, तुम्ही म्हणालात आजींना डिस्क बदलता येत नाही. ते पटलं मला, म्हणून दोन पासमध्ये केलं, म्हणजे कॉम्प्युटर आधी सगळं एकदा वाचून काढतो आणि मग जिथे हालचाल जास्त तिथे डेटा जास्त देतो. वेळ त्यात गेला, पण तीन दिवस लागणार हे आधी सांगायला हवं होतं.

घरी होत नाही असं मी मुळीच म्हणणार नाही. डीव्हीडी स्टायलर नावाचं सॉफ्टवेअर फुकट आहे, चांगलं आहे, त्यात पाल, म्हणजे आपल्याकडची २५ फ्रेमची टीव्ही पद्धत, निवडा, सावकाश म्हणजे ४एक्स किंवा ८एक्सवर राइट करा आणि डिस्क फायनलाइज करायला, म्हणजे शेवटी बंद करायला, विसरू नका. पण तुम्ही घरी केलेली जी डिस्क लॅपटॉपवर चालली आणि आजींच्या प्लेयरवर नाही, ती बहुतेक डेटा डिस्क झालीय, एमपी-फोर फाइली नुसत्या कॉपी झाल्यात. लॅपटॉप त्या उघडतो, जुना प्लेयर मात्र व्हिडिओ टीएस नावाचा फोल्डर आणि त्यातल्या व्हीओबी फाइली शोधतो, त्या नसल्या की नो डिस्क दाखवून मोकळा. दहा मिनिटांत झाली ती त्याचमुळे, कन्व्हर्ट काही झालंच नसेल. आणि डिस्कवर कागदी स्टिकर लावू नका, कुणीच लावू नका, डिस्क फिरताना डगमगते आणि मधेच अडकते, नाव मार्करने लिहा.

आता एवढं करा, ज्यांच्या मोबाइलवर शूटिंग झालंय त्यांचे मोबाइल किंवा केबलने काढलेल्या ओरिजिनल क्लिप घेऊन दांडिया बाजारला दुकानावर या, चित्रातही फरक पडेल. जमलं तर आजींचा प्लेयरही पिशवीत घालून आणा, यावेळी डिस्क त्याच्यावरच लावून भिक्षावळीपर्यंत तुमच्यासमोर बघू आणि मगच न्या. रविवारी बंद असतं, बाकी दिवस संध्याकाळी मी स्वतः असतो.