अस्वलाच्या जागी अद्वैत

आमची सई बालवाडीत एका मुलाला चावली आणि घरात मैत्रीची पुस्तकं आली. नौपाड्यात जाऊन मी एकदम पाच घेतली. घोडबंदर रोडवरून शनिवारी संध्याकाळी नौपाड्यात जाऊन परत येणं हा खरं तर संयमाचा उत्तम धडा आहे, पण त्याची चित्रं कोणी काढत नाही.

पाचही पुस्तकांत गोष्ट एकच. एक प्राणी असतो, तो एकटाच काहीतरी खातो, बाकीचे रुसून जातात. मग पाऊस येतो. (पाऊस येतोच.) प्राणी रडतो, सॉरी म्हणतो आणि शेवटच्या पानावर सगळे एका पंगतीला बसतात, कोल्ह्याच्या मांडीला मांडी लावून ससासुद्धा. अशी पुस्तकं बहुधा ३२ पानांची असतात, कारण छापखान्यात सोळा-सोळा पानांचे दोन फॉर्म बसतात. म्हणजे अस्वलाला सुधारायला किती अवधी द्यायचा ते कागदाच्या घडीवर ठरतं. आमच्या सोसायटीत पार्किंगवरून दोघं जण आठ वर्षं एकमेकांशी बोलत नाहीयेत. त्यांना एखादा फॉर्म जादा लागेल.

आईला हा सगळा खर्चच वायफळ वाटला. "तुला मी चिऊ-काऊची सांगायचे," ती म्हणाली. मला आठवली. काऊ भर पावसात दार वाजवतोय आणि चिऊताई आतून म्हणतेय, थांब, माझ्या बाळाला तीट लावू दे. त्या गोष्टीतून मी नक्की काय शिकलो, ते बायकोला विचारावं लागेल.

पाचातलं सईला एकच आवडलं, अस्वलाचं. तेही चौदाव्या पानापर्यंत. त्या पानावर अस्वल लाडवांच्या डब्यावर फतकल मारून बसलंय, दोन्ही हात पोटावर, आणि म्हणतंय, "कुण्णाला देणार नाही!" हे वाक्य सई माझ्याबरोबर खणखणीत आवाजात म्हणते आणि पुस्तक मिटते. "आता परत पहिल्यापासून." पश्चात्ताप पंधराव्या पानावर सुरू होतो. तिथवर आम्ही कधी पोचलोच नाही. पहिली चौदा पानं ढिली होऊन लोंबायला लागली, पुढची सगळी कोरी करकरीत.

अशात बायकोने कुठेतरी वाचलं की टोरंटो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ साली ४ ते ६ वर्षांच्या मुलांवर नेमका हाच प्रयोग केला होता. वाटून घेण्याची एकच गोष्ट, काहींना प्राण्यांची चित्रं, काहींना त्याच चित्रांत माणसं. माणसांची गोष्ट ऐकलेल्या मुलांनी आपले स्टिकर दुसऱ्यांना जास्त दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांचं देणं उलट आधीपेक्षा कमी झालं. "म्हणजे तू पंधरा दिवस तिला बिघडवतोयस," असा निष्कर्ष बायकोने स्वतःच्या जबाबदारीवर काढला.

त्या रात्री मी अस्वलाच्या जागी माणूस घातला. झोपेच्या गुंगीत जे नाव सुचलं ते घातलं. अकराव्या मजल्यावरचा अद्वैत. सई खूश. चार दिवस अद्वैत रोज रात्री लाडवांच्या डब्यावर बसत होता.

पाचव्या दिवशी आम्ही सतराव्यावरून खाली निघालो आणि अकराव्याला अद्वैतची आई लिफ्टमध्ये आली.

"काकू, अद्वैतशी आता कोणीच खेळत नाही ना?"

"का गं?"

"तो लाडवांच्या डब्यावर बसतो ना. आमच्या पुस्तकात आहे. बाबा रोज वाचतात."

"रोज?" हे त्यांनी मला विचारलं.

लिफ्ट नवव्याला थांबली, सातव्याला थांबली, पाचव्याला कचऱ्याचा मोठा डबा घेऊन एक जण चढला. मी समोरची पाटी वाचत होतो. ८ व्यक्ती, ५४४ किलो. एवढ्या बारकाईने मी गृहकर्जाची कागदपत्रंही वाचली नव्हती.

संध्याकाळी बेल वाजली. मी टीव्हीसमोरून उठून दार उघडलं. अद्वैत आणि त्याची आई.

"सईचे बाबा, ते पुस्तक दाखवा बाई जरा. मी पुस्तकात आलोय, मी पुस्तकात आलोय, म्हणून डोकं खाल्लंय याने दुपारपासून."

सईने पुस्तक आणलं. ते आपोआप चौदाव्या पानावरच उघडलं. अद्वैतने अस्वल नीट पाहिलं. पोट पाहिलं, डबा पाहिला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. चकल्यांचा डबा, जो मी डॉक्टरांपासून आणि घरच्यांपासून लपवून कपाटावर ठेवतो, तो गडबडीत माझ्या काखेतच राहिला होता.

"हा मी नाहीये," अद्वैत म्हणाला. "हे काका आहेत."

सईने पुस्तकात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, पुन्हा पुस्तकात पाहिलं.

"हो की!" ती म्हणाली, आणि बाबांचं पुढे काय होतं ते बघायला तिने पान उलटलं.